तेरा भागांची कैफियत

८ मे २०१५ या दिवसाची नोंद इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात होणार नाही. त्या दिवशी अमेरिकेतील एन. बी. सी. या प्रसारण-कंपनीने आपली 'कॉन्स्टंटाइन' नावाची दूरचित्रवाणी-मालिका यापुढे चालवावयाची नाही असे ठरविले. तेरा भाग होऊन गेले होते; चौदावा होणार नव्हता. अमेरिकेत मे महिना हा अशा निवाड्यांचाच महिना असतो. येत्या हंगामातील जाहिरातींची विक्री करावयाची म्हणून कंपन्या त्या सुमारास आपापली यादी पक्की करतात, आणि त्या यादीत जिचे नाव नाही त्या मालिकेचा अवतार संपतो. त्या वर्षीही पुष्कळ मालिका अशा गेल्या, आणि बहुतेकींच्या जाण्याने कोणाचे काही अडले नाही. या एकीच्या बाबतीत मात्र चाहत्यांमध्ये जो वाद पेटला, तो निकालाच्या आधी सहा महिने सुरू झाला होता आणि निकालानंतर कित्येक वर्षे शमला नाही. त्या वादाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

सरकारी कचेरीत फायली हलविणाऱ्या माणसाला हे परदेशी भुताखेतांचे प्रकरण कशाला हवे, असे वाचक विचारतील. त्याला कारणे दोन आहेत. पहिले असे की, लहानपणी आमचे वाचन पक्के झाले ते घरच्या माळ्यावर राहून गेलेल्या 'इंद्रजाल'च्या जुन्या अंकांवर. १९६४ साली सुरू झालेल्या त्या मालेतून परदेशातला 'फँटम' मराठीत 'वेताळ' होऊन आला होता. नाव वेताळाचे, पण अंगाने निव्वळ मनुष्य. मुखवटा उतरविला तर तुमच्याआमच्यासारखा. खऱ्या पिशाचांची चित्रकथा आमच्या हाती पडली ती नोकरीनिमित्त दिल्लीस आल्यावर, आणि तिचे नाव 'हेलब्लेझर'. दुसरे कारण असे की, आमचा उदरनिर्वाहच मुळी अर्जांवर चालतो. आलेला अर्ज नोंदवावा, त्यावर टिपण लिहावे, तो वर पाठवावा, आणि बहुधा 'विनंती मान्य करता येत नाही' एवढे अर्जदारास कळवावे, हा आमचा नित्यक्रम. हजारो अनोळखी माणसे एकत्र येऊन एका बलाढ्य कंपनीकडे अर्ज करतात, तेव्हा त्या अर्जाचे पुढे काय झाले हे जाणून घ्यावेसे कारकुनास वाटले तर त्यात नवल ते काय?

भुताखेतांच्या चित्रकथा आणि त्यांवर येणारी गदा यांचा अमेरिकेतील इतिहास जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे भयकथांच्या चित्रमासिकांना मोठा बहर आला. विल्यम गेन्स यांच्या ई. सी. कॉमिक्स या संस्थेचे 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' त्यांत अग्रगण्य होते. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हा ग्रंथ लिहून बालगुन्हेगारीचे खापर चित्रकथांवर फोडले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सेनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांची साक्ष झाली, आणि वर्ष सरण्यापूर्वी प्रकाशकांनी आपण होऊन एक आचारसंहिता पत्करली. त्या संहितेने रक्त पिणारी पिशाचे, चालती प्रेते आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसे यांना चित्रकथेतून हद्दपार केले. मासिकाच्या नावात 'हॉरर' हा शब्द घालण्याचीही सोय ठेवली नाही. येथे सरकारने बंदी घातलेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. संहितेची मोहोर नसलेले अंक विक्रेते दुकानात ठेवीनासे झाले, एवढ्यानेच काम भागले. गेन्स यांची भयमासिके बंद पडली. त्यांच्या वाचकांना काय वाटले हे कोणी विचारले नाही. वाचक बहुतांशी लहान मुले, आणि लहान मुलांचा अर्ज कोठल्याच कचेरीत घेतला जात नाही.

१९७१ साली ही कलमे सैल झाली. त्याच वर्षी लेखक लेन वीन आणि चित्रकार बर्नी राइटसन यांनी डी. सी. या संस्थेच्या एका मासिकात 'स्वॅम्प थिंग' म्हणजे दलदलीतला एक वनस्पतिरूप जीव जन्मास घातला. पुढे अ‍ॅलन मूर हा इंग्रज लेखक त्या जीवाची कथा लिहू लागला, आणि १९८४ साली त्या मासिकाचा २९वा अंक संहितेच्या मोहोरेवाचूनच बाजारात आला. आकाश कोसळले नाही. मोहोरेवाचून भयकथा विकता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आणि अशा मोकळ्या झालेल्या जागेतच जून १९८५च्या, म्हणजे ३७व्या अंकात जॉन कॉन्स्टंटाइन अवतरला.

त्याच्या जन्माची कथा गमतीची आहे. मूरचे चित्रकार स्टीफन बिसेट आणि जॉन टोटलबेन यांना स्टिंग या गायकासारखा दिसणारा कोणीतरी इसम काढावयाचा होता; लेखकाने त्यांची हौस पुरविली. पिवळसर केस, चुरगळलेला लांब कोट, तोंडात सिगारेट आणि लिव्हरपूलच्या कामकरी वस्तीतली बोली, असा हा मांत्रिक. मंत्रतंत्राच्या कथांत तोवर लांब दाढीचे आणि पायघोळ झग्याचे सिद्धपुरुष असत. हा तसा नव्हता. त्याच्या अंगी सामर्थ्य बेताचेच. त्याचे खरे भांडवल म्हणजे जीभ आणि दुसऱ्याला गंडविण्याची कला. जानेवारी १९८८पासून त्याचे स्वतंत्र मासिक निघू लागले. त्याचे नाव 'हेलरेझर' ठेवावयाचे घाटत होते. परंतु त्याच नावाचा चित्रपट १९८७ साली येऊन गेल्यामुळे ते 'हेलब्लेझर' झाले. जेमी डेलॅनो हा त्याचा पहिला लेखक. मार्गारेट थॅचर यांच्या अमलातील इंग्लंड हे त्या मासिकाचे खरे स्मशान होते. तिसऱ्याच अंकात, १९८७च्या निवडणुकीच्या सुमारास, नरकातले दलाल लंडनमध्ये आत्म्यांची खरेदीविक्री करताना दाखविले आहेत, ते वाचताना भुतांची भीती वाटत नाही, शेअरबाजाराची वाटते.

पुढील वादाचा उलगडा व्हावयाचा तर या मासिकाच्या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. चित्रकथांतील वीरपुरुष सहसा म्हातारे होत नाहीत. पन्नास वर्षे लोटली तरी ते तिशीतच असतात. कॉन्स्टंटाइन मात्र वाचकाबरोबर वयाने वाढत गेला. त्याची जन्मतारीख १० मे १९५३. १९९३ साली त्याची चाळिशी मासिकात साजरी झाली, आणि मासिक संपले तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता. ज्या वाचकाने विसाव्या वर्षी पहिला अंक घेतला, तो त्याच्याबरोबर प्रौढ झाला. ही जवळीक कोणत्याही जाहिरातीने निर्माण होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या व्यसनांना आणि पापांना कथेत किंमत मोजावी लागत असे. न्यूकॅसल येथे त्याने ऐन तारुण्यातल्या घमेंडीत एका राक्षसाला पाचारण केले. तो त्याच्याने आवरला नाही, आणि अ‍ॅस्ट्रा नावाची एक लहान मुलगी नरकात ओढली गेली. त्या अपराधाचे ओझे तो तहहयात वाहतो. तसेच सिगारेटचे. १९९१ साली गार्थ एनिस या लेखकाने 'डेंजरस हॅबिट्स' या सहा अंकांच्या कथेत त्याला फुप्फुसाचा कर्करोग दिला. मरण समोर दिसत असता कॉन्स्टंटाइनने एक अफलातून डाव टाकला. नरकाच्या एका स्वामीचा त्याच्या आत्म्यावर दावा होताच. त्याने तोच आत्मा आणखी दोघा स्वामींना गुपचूप विकला. आता तो मेला तर एका आत्म्यासाठी तिघांत युद्ध जुंपणार! ते टाळण्यासाठी त्या तिघांना त्याचा रोग बरा करणे भाग पडले. एकच जमीन तीन सावकारांकडे गहाण टाकणारी माणसे आपल्याकडेही आहेत; पण तिघांकडून औषधपाण्याचा खर्च वसूल करणारा असा हाच. सांगावयाचे ते इतकेच की, त्याच्या तोंडातली सिगारेट ही केवळ शोभेची वस्तू नव्हती. कथेचे एक मोठे प्रकरण तिच्यावर उभे होते.

२००५ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. फ्रान्सिस लॉरेन्स यांच्या त्या चित्रपटात कियानू रीव्ह्ज यांनी ही भूमिका केली. केस काळे झाले, लिव्हरपूलचे लॉस एंजेलिस झाले, आणि आडनावाचा उच्चारही 'टाइन'चा 'टीन' झाला. जुन्या वाचकांनी नाके मुरडली. चित्रपट म्हणून तो वाईट नव्हता, असे आमचे मत आहे; मात्र त्यातला माणूस दुसराच कोणी होता. म्हणूनच २०१४ साली एन. बी. सी.च्या मालिकेसाठी मॅट रायन या वेल्सच्या नटाची निवड होऊन त्याची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या वाचकांना हरवलेला आप्त परत भेटल्यासारखे झाले. तेच केस, तोच कोट, तोच सैल केलेला लाल टाय. आनंदाला दुःखाचीही किनार होती. कारण 'हेलब्लेझर' मासिक फेब्रुवारी २०१३मध्ये ३००व्या अंकासह बंद करण्यात आले होते, आणि त्याच्या जागी त्याच संस्थेने एक तरुण, गुळगुळीत कॉन्स्टंटाइन आणून बसविला होता. कागदावरून उठवलेला आपला मांत्रिक आता पडद्यावर तरी राहील, ही जुन्या वाचकांची आशा होती. मालिकेकडे ते करमणूक म्हणून पाहतच नव्हते. त्यांच्या लेखी तो वारसाचा प्रश्न होता.

डॅनियल सेरोन आणि डेव्हिड गॉयर यांनी सिद्ध केलेली ही मालिका २४ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाली. पण पहिला भाग दिसण्याआधीच वादाला तोंड फुटले होते. १९९२ सालच्या एका अंकात कॉन्स्टंटाइनने आपल्या पूर्वीच्या प्रेयसींबरोबर एखाद्या प्रियकराचाही सहज उल्लेख केला होता. स्त्री आणि पुरुष या दोहोंवर त्याचे मन बसू शकते, ही गोष्ट त्या वाचकांनी तेव्हापासून मनात जपली होती. २०१४च्या उन्हाळ्यात सेरोन यांनी वार्ताहरांना सांगितले की, मासिकाच्या इतक्या अंकांत हा विषय क्वचितच आला आहे आणि मालिकेत तो आणण्याचा तूर्त विचार नाही. यावर एकच गहजब झाला. एका वाक्याचा उल्लेख गाळला म्हणून इतके रागावण्याजोगे काय आहे, असे काहींनी म्हटले. त्यास मिळालेले उत्तर आम्हांस बिनतोड वाटते: ज्यांच्या वाट्याला मुळात एकच वाक्य आले आहे, त्यांचे ते एक वाक्य गाळले म्हणजे सर्वस्वच गेले.

सिगारेटचेही तसेच झाले. सर्वांसाठी खुल्या असलेल्या अमेरिकन वाहिनीवर नायकाने धूम्रपान करणे प्रशस्त मानले जात नाही. त्यामुळे आरंभीच्या भागांतून तो लायटर खेळवताना दिसे, सिगारेट विझवताना दिसे. ओढताना मात्र क्वचितच. १९५४ची संहिता केव्हाच मेली होती, पण तिची भाचरे अशी वाहिन्यांच्या कचेऱ्यांतून नांदत होती. पहिल्या भागानंतर लिव्ह हे पात्र काढून टाकून त्या जागी मूळ मासिकातील झेड ही आणली, ते बहुतेकांना रुचले. दुसऱ्या भागात रोमा जमातीच्या स्त्रीचे जे चित्रण झाले ते अनेकांस खटकले, आणि रास्तच खटकले. दर आठवड्यास एक नवे भूत आणि त्याचा निकाल, या ठरीव चाकोरीचाही कंटाळा बोलून दाखविला जाऊ लागला. थोडक्यात, मालिकेचे कडवे टीकाकार आणि तिचे एकनिष्ठ प्रेक्षक ही दोन निराळी माणसे नव्हती. तीच ती होती.

अशा स्थितीत नोव्हेंबर २०१४मध्ये एन. बी. सी.ने कळविले की, तेरा भागांपलीकडे यंदा आणखी भाग घेतले जाणार नाहीत. मालिका रद्द झाली असे कंपनीने म्हटले नाही. तिने काहीच म्हटले नाही. आमच्या कचेरीच्या भाषेत याला प्रकरण 'विचाराधीन' ठेवणे म्हणतात, आणि त्याचा अर्थ अर्जदार सोडून बाकी सर्वांना ठाऊक असतो. चाहत्यांनी लागलीच ट्विटरवर 'कॉन्स्टंटाइन वाचवा' या घोषणेची मोहीम उघडली. सेरोन स्वतः तीत सामील झाले. भाग प्रक्षेपित होत असता हजारो लोक त्यावर एकाच वेळी लिहीत, जेणेकरून कंपनीस आपली संख्या दिसावी.

खरा वाद पेटला तो येथे. ज्या चाहत्यांनी उन्हाळ्यापासून सेरोन यांना धारेवर धरले होते, त्यांनी आता काय करावे? अर्जात तक्रार आणि विनंती एकत्र लिहू नये, असे आम्ही कचेरीत नव्याने आलेल्या मुलांना सांगत असतो. वाचणारा साहेब तक्रार तेवढी वाचतो आणि विनंती फेटाळावयास तिचाच आधार घेतो. मोहीम चालविणाऱ्यांचे म्हणणे नेमके हेच होते. आधी मालिका वाचू द्या, मग दोष काढा; आज काढलेला प्रत्येक दोष कंपनीच्या हाती कोलीत ठरेल. या म्हणण्यात व्यवहार होता. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत की, जो कॉन्स्टंटाइन वाचवावयाचा तो कॉन्स्टंटाइन आहे तरी काय? सिगारेट नाही, वय नाही, त्याच्या प्रेमाचे अर्धे आयुष्य नाही. उरला तो कोट. कोटासाठी कोणी अर्ज करीत नसते. आणखी एक तिसरा गट होता, तो संख्येने लहान पण बोलका. त्याचे म्हणणे असे की, मालिका मरू द्यावी आणि मासिक तेवढे पूर्ववत करावे. एका हाताने ३००व्या अंकावर गळफास ओढून दुसऱ्या हाताने त्याच माणसाचा तमाशा मांडणाऱ्यांना आपण का तारावे? या तिघांतही मॅट रायनविषयी मात्र दुमत नव्हते. नट उत्तम आहे, यावर सर्वांचे एकमत. भांडण होते ते त्याच्या तोंडी काय घालावे याचे.

आमचा कौल विचाराल तर तो दुसऱ्या बाजूस आहे, आणि कारकून असून आहे याचे आम्हांसच आश्चर्य वाटते. अर्ज मंजूर व्हावा म्हणून अर्जदाराने आपले म्हणणेच पुसून टाकावे, हा सल्ला आम्ही रोज देतो. तो शहाणपणाचा सल्ला आहे. तथापि, तो ऐकून परत जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे आम्ही पाहत नाही, हेही तितकेच खरे.

एन. बी. सी.ने मात्र या दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे वाचून निर्णय घेतला नाही. तिची वही वेगळी होती. अमेरिकेत नील्सन ही संस्था काही निवडक घरांत मोजणीची सोय करून देशभरच्या प्रेक्षकांचा अंदाज बांधत असे, आणि जाहिरातदार प्रामुख्याने १८ ते ४९ या वयाच्या प्रेक्षकांचे पैसे मोजत. तेही प्रक्षेपणापासून तीन दिवसांच्या आत ज्यांनी जाहिराती पाहिल्या त्यांचेच. पहिल्या भागास ४० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले, पण पुढे ओहोटी लागली. शुक्रवारी रात्री दहाची वेळ; तरुण मंडळी घराबाहेर. ती मंडळी भाग नंतर सवडीने पाहत, पण आठवड्याने पाहणाऱ्याची जाहिरातदाराच्या लेखी किंमत शून्य. ट्विटरवर दहा हजार माणसे ओरडली तरी ज्या घरांत मोजणीचे यंत्र नव्हते त्यांचा आवाज त्या वहीत चढत नसे. एका लेखाशीर्षाखालची रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षात वळती करावयास नियम लागतो. येथे तसा नियमच नव्हता.

चाहत्यांनी एक दाखला पुढे केला. याच कंपनीची 'हॅनिबल' ही मालिका याहून थोड्या प्रेक्षकांवर तग धरून होती. मग आमच्यावरच घाव का? उत्तर सरळ होते. 'हॅनिबल'च्या खर्चाचा मोठा भार गोमाँ या फ्रेंच संस्थेच्या निर्मितीशाखेने आणि परदेशातील विक्रीने उचलला होता. 'कॉन्स्टंटाइन' ही वॉर्नर ब्रदर्सची निर्मिती. ती पुढे कधी नफ्यात आली तरी तो नफा एन. बी. सी.च्या घरात येणार नव्हता. जानेवारी २०१५मध्ये वेळ रात्री दहाऐवजी आठची केली गेली. १३ फेब्रुवारीस तेरावा भाग झाला. मेमध्ये निकाल लागला, आणि तो चाहत्यांना स्वतः सेरोन यांनीच ट्विटरवरून कळविला. जूनमध्ये 'हॅनिबल'ही रद्द झाली, तेव्हा तो दाखलाही निकामी झाला.

ज्यांना या कंपनीचा जुना इतिहास ठाऊक होता त्यांना एका योगायोगाचे नवल वाटले असेल. १९६७-६८च्या हिवाळ्यात याच एन. बी. सी.ची 'स्टार ट्रेक' ही अंतराळातील सफरींची मालिका बंद होणार अशी वार्ता पसरली. बिजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे एक लाखाहून अधिक पत्रे आली. कॅलिफोर्नियातील तंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बरबँक येथील कचेरीवर मिरवणूक नेली. अखेर १ मार्च १९६८ रोजी भाग संपताच मालिका पुढे चालू राहील असे कंपनीस पडद्यावरून जाहीर करावे लागले. अर्ज मंजूर! पण मंजुरीच्या हुकुमातच मेख होती. तिसऱ्या पर्वासाठी दिलेली वेळ होती शुक्रवारी रात्री दहाची. प्रेक्षक आणखी घटले आणि जून १९६९मध्ये मालिका संपली. सेहेचाळीस वर्षांनी कॉन्स्टंटाइनला उतरविले तेही त्याच कंपनीच्या, त्याच वाराच्या, त्याच घटकेस. फरक एवढाच की, तिसऱ्या पर्वामुळे 'स्टार ट्रेक'चे एकूण ७९ भाग झाले, आणि स्थानिक केंद्रांना रोज एक याप्रमाणे ते पुनःपुन्हा दाखविता आले. त्या पुनःप्रक्षेपणातच तिला खरा लोकाश्रय मिळाला. म्हणजे पत्रे लिहिणाऱ्यांनी मालिका वाचविली नाही, पण तिच्या भविष्याला पुरेल इतकी शिदोरी मिळवून दिली. तेरा भागांची शिदोरी तेवढी पुरण्याजोगी नव्हती.

याच गोत्रातील आणखी दोन प्रकरणे घाईघाईने सांगतो. 'लूसिफर', ज्याचा मूळ नायक डी. सी.च्याच चित्रकथांतून आलेला, ती मालिका फॉक्स कंपनीने मे २०१८मध्ये बंद केली. चाहत्यांनी आकांत मांडला आणि जूनमध्ये नेटफ्लिक्सने ती उचलली. तेथे ती २०२१पर्यंत चालली. उलट, कॉन्स्टंटाइनचे मूळ माहेर जी 'स्वॅम्प थिंग', तिच्यावर २०१९ साली काढलेली मालिका पहिला भाग दाखविल्यावर आठवड्याच्या आतच रद्द ठरली. तेराऐवजी दहा भागांतच तिचे आवरते घेण्यात आले होते. चाहत्यांचा आकांत दोन्हीकडे होता. एकीकडे घेणारे गिऱ्हाईक उभे होते, दुसरीकडे नव्हते.

कॉन्स्टंटाइनच्या बाबतीत पुढे जे घडले ते मात्र कोणाच्याही अर्जात मागितलेले नव्हते. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सी. डब्ल्यू. या दुसऱ्या वाहिनीच्या 'अ‍ॅरो' मालिकेत मॅट रायन तोच कोट घालून एका भागापुरता आला. सारा लान्स या मुलीचा हरवलेला आत्मा त्याने परत आणून दिला आणि तो निघून गेला. पुढे हीच सारा 'लेजंड्स ऑफ टुमॉरो' या मालिकेतील कालनौकेची कप्तान झाली, आणि २०१८मध्ये कॉन्स्टंटाइन तिच्याच नौकेवर कायमचा आश्रित म्हणून दाखल झाला. आत्मा परत मिळवून देणाऱ्यास निवारा मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. या मालिकेचा सूर थट्टेचा. तिच्यात निळ्या केसांचे बोलके खेळणे देवपदास चढते. तेथे नरकयातना भोगणारा मांत्रिक शोभतो काय, यावर चाहत्यांत पुन्हा दोन तट पडले. मोहीम चालविणाऱ्यांपैकी कित्येकांना आपला माणूस परत मिळाल्याचा आनंद झाला; कित्येकांना तो विदूषक झाल्याचे दुःख.

परंतु एक गोष्ट दोन्ही तटांस मान्य करावी लागली. २०१४ साली जे वाक्य गाळले होते ते 'लेजंड्स'मध्ये आले. नुसते वाक्य नव्हे, डेझमंड नावाचा त्याचा प्रियकर आला आणि त्याच्या विरहाची कथा अनेक भाग चालली. अर्जात तक्रार घालू नका म्हणणाऱ्यांची विनंती फेटाळली गेली, आणि तक्रार करीत राहिलेल्यांची तक्रार, चार वर्षांनी आणि वेगळ्याच कचेरीत का होईना, मंजूर झाली. ही तक्रारीचीच करामत, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. दरम्यान काळही पालटला होता. पण क्रम असा आहे.

अ‍ॅस्ट्राचेही तसेच झाले. न्यूकॅसलमध्ये नरकात ओढली गेलेली ती लहान मुलगी 'कॉन्स्टंटाइन'च्या पहिल्याच भागापासून त्याच्या स्वप्नांत येत होती; तेरा भाग संपले तरी ती नरकातच होती. २०१९मध्ये ती 'लेजंड्स'मध्ये दिसली ती मोठी होऊन, नरकातच वाढलेली, त्याच्यावर दात धरून बसलेली. पुढील वर्षी तिचा आणि त्याचा हिशेब पुरा झाला आणि तीही नौकेवर राहावयास आली. २०२१मध्ये कॉन्स्टंटाइनने नौका सोडली. पुढील पर्वात मॅट रायन राहिला, पण निराळ्याच पात्राच्या वेषात. एप्रिल २०२२मध्ये 'लेजंड्स'ही रद्द झाली, तेव्हा पुन्हा मोहीम निघाली आणि पुन्हा तीच भांडणे झाली.

तेराव्या भागाच्या अखेरच्या दृश्यात मॅनी या देवदूताने एक गोष्ट उघड केली होती. वर्षभर कॉन्स्टंटाइनला साहाय्य करीत आलेला हा देवदूतच जगावर दाटून येणाऱ्या अंधाराचा सूत्रधार होता. कॉन्स्टंटाइनला त्याचा पत्ता नव्हता. तो प्रेक्षकांना तेवढा कळला. त्यानंतरही मॅट रायनने हा कोट अंगावर वागविला, इतर मालिकांतून आणि काही सचेतपटांच्या आवाजातून. मॅनी मात्र पुन्हा पडद्यावर आला नाही, आणि आपला देवदूत आपल्याला फसवीत होता हे कॉन्स्टंटाइनला कोणी सांगितले नाही.